बाईसाहेबांचा कोट

उंची

टेपताईची उंची पाच फूट साडेपाच इंच. तिच्या नवऱ्याची पाच फूट पाच. हा वरचा अर्धा इंच तिने लग्नाच्या फोटोत गुडघे वाकवून लपवला होता, आणि पुढच्या बारा वर्षांत ते गुडघे पुरते सरळ झालेच नाहीत.

बाईसाहेबांची उंची चार फूट दहा इंच. त्यातली निम्मी नुसत्या पायांची. त्या वाकत नसत. म्हणजे एक माणूस सोडून कुणापुढे नाही.

टेपताई कपडे लहानमोठे करून देण्याच्या दुकानात कामाला. गळ्यात कायम मोजायची टेप, म्हणून हे नाव. घरी स्वयंपाक करतानासुद्धा ती टेप काढायला विसरते, आणि सासूबाई विचारतात, "काय गं, पातेल्याची कंबर घेतेस का?" गिऱ्हाईक दारातून आत आलं की छाती किती, बाही किती, पोट आत ओढून धरलंय का, हे तिला लांबूनच कळतं. तिच्याशी खोटं बोलणं कठीण. कापड बोलून जातं.

बाईसाहेब म्हणजे तळ्याकाठच्या प्राणी उद्यानातली क्रौंच मादी. राखाडी अंग, डोक्यावर लाल ठिपका, चालणं असं की पायाखाली गालिचा आहे. टेपताईचा नवरा तिच्याकडे कामाला. "तिच्याकडे" हा त्याचाच शब्द. बाकीची माणसं उद्यानात कामाला असतात, हा तिच्याकडे.

खांदा

चार वर्षांपूर्वी बाईसाहेब अंड्यात होत्या. अंडं उबवायच्या यंत्रात होतं. उद्यानाच्या डॉक्टरीणबाईंचा नियम असा, की पिलाने डोळे उघडल्यापासून एकच रूप बघायचं आणि ते माणसाचं नसावं. नाहीतर पिलू माणसालाच आपलं समजून बसतं. तेव्हा घोट्यापर्यंत राखाडी कोट हवा, डोकं झाकणारी टोपी कोटालाच जोडलेली, टोपीवर लाल तुकडा, बाह्या बोटं झाकतील इतक्या लांब. पिलासमोर या कोटाशिवाय जायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

"शिवशील ना?" नवऱ्याने विचारलं होतं.

"माप द्या, शिवते."

मापाला उभं राहायला त्याला सवड नव्हती. अंडं आज फुटेल की उद्या, या धास्तीने तो जेवायलासुद्धा घरी येत नव्हता. मग टेपताईने कोट स्वतःच्या अंगावर बेतला. आपण दोघं एकाच मापाचे, अर्धा इंच इकडे-तिकडे, असं म्हणून तिने कात्री चालवली. त्याचा खांदा तिच्यापेक्षा इंचभर रुंद आहे हे तिला माहीत होतं. पण रात्रंदिवस ज्याची वाट बघायची तो माणूस आपल्याच मापात बसेल, असं वाटायचे दिवस होते ते.

कोट त्याला खांद्यात आवळायचा. तो कधी बोलला नाही.

आणि कोट गेला तो गेलाच. चार वर्षांत एकदाही धुवायला घरी आला नाही.

"अहो, आणा की एकदा. भिजत घालते. उभा राहत असेल तो आता आपल्या पायावर."

"नको. वास जातो."

"कुठला वास?"

"आमचा," नवरा म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

आमचा! टेपताईने त्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन इंच आखूड केला.

कोटाचं उरलेलं कापड, सव्वादोन मीटर, तिने कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिलं होतं. त्याला याची कल्पना नव्हती. कपाटाच्या खालच्या कप्प्यात बघणारा नवरा अजून जन्माला यायचाय.

घेर

याचं माप घेता येत नाही, तरी घेऊ.

बाईसाहेबांना मका किती लागतो, तो किती वेळ भिजवलेला लागतो, उजव्या पायाचं मधलं नख कधी वाढतं, हे नवऱ्याला पाठ. मुलीच्या बुटाचा नंबर विचारला तर म्हणतो, "आईला विचार." बाईसाहेबांना वाऱ्याचा त्रास होतो म्हणून त्याने कुडाच्या दोन भिंती बांधल्या. घरातल्या खिडकीचं तावदान कागदाच्या घडीवर उभं आहे. फोन उघडला की बाईसाहेब. टेपताईच्या भावाच्या लग्नात सगळे नाचले, हा खुर्चीला चिकटून. "गुडघे दुखतात गं." आणि तळ्याकाठी रोज सकाळी हाच माणूस लवतो, उडी मारतो, हात पसरून गिरकी घेतो, काटकी वर भिरकावून झेलतो. कारण त्या नाचतात, आणि समोरच्याने नाचलं नाही तर त्या दिवसभर अन्नाला शिवत नाहीत.

नियम त्याने मोडला होता, तेही एकदा त्यानेच सांगितलं. आसपास कुणी नसलं की तो टोपी मागे टाकतो आणि बोलतो तिच्याशी.

"काय बोलता?"

"असंच. दिवसभराचं."

दिवसभराचं! घरी येईपर्यंत दिवस संपलेला असतो, तो कुठे जातो ते टेपताईला तेव्हा कळलं.

"तिला माझा चेहरा ठाऊक आहे," तो म्हणाला. "आवाज ठाऊक आहे. कोट काय, नावाला."

सासूबाईंनी तर बाईसाहेबांचं नामकरणच केलं होतं, थोरली सून. "थोरली जेवली का रे?" असं त्या मुलाला मुद्दाम टेपताईसमोर विचारायच्या, आणि मग सुनेच्या पाठीवर थाप मारून हसायच्या. टेपताईही हसायची.

मग पत्र आलं. दोन दिवसांच्या वाटेवर दुसरं एक तळं, तिथे एक क्रौंच नर एकटा. बाईसाहेबांना तिकडे धाडायचं ठरलं. पण नव्या माणसाच्या हातून त्या खाणार नाहीत, तेव्हा यानेही बरोबर जावं. दोन वर्षं. हो की नाही, ते कर्मचाऱ्यांच्या कुटुंबभेटीच्या दिवशी चार वाजेपर्यंत डॉक्टरीणबाईंना सांगायचं.

"तू एकदा तिला बघ," नवरा म्हणाला. "मग बोलू."

मग बोलू म्हणजे ठरलंय, एवढं बारा वर्षांत तिला कळत होतं.

बाही

तळं मोठं होतं. बसमधून उतरल्यावर आधी वारा आला, मग वास, मग पाणी दिसलं. मुलगी पुढे पळाली. सासूबाईंनी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचा सपाटा लावला. "पाणमांजर. दुपारी झोपते. बरंय बाई हिचं!" नऊ वर्षांच्या नातीला त्यांनी हरणं दाखवली, कासवं दाखवली, आणि बदकांच्या भांडणात बाजू घ्यायला लावली.

टेपताईने काही बघितलं नाही. तिने आज निळा पोशाख घातला होता, स्वतः शिवलेला, कंबरेत नेमका बसलेला. तीन रात्री तो उसवून पुन्हा शिवला होता. कुणासाठी, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

नवरा सकाळीच पुढे आला होता. टोकाच्या कुंपणाशी उभा होता, कोट घालून.

चार वर्षांनी तिने आपला कोट पाहिला. खांद्याची शिवण ताणली गेली होती, कोपर झिजून पांढरं पडलं होतं, उजव्या काखेत उसवलं होतं. तिच्या हाताला राहवलं नाही. तिने पुढे होऊन बाही धरली, उसवलेलं किती आहे ते बघायला.

जाळी अशी दणाणली की मुलगी किंचाळली.

बाईसाहेब. पंख उभारलेले, मान ताठ, लाल ठिपका पेटलेला. चोच जाळीतून बरोबर टेपताईच्या बोटांच्या दिशेने आलेली. पुन्हा एकदा. आणखी एकदा. त्यांचा डोळा पिवळा होता आणि तो फक्त एकाच बाईकडे बघत होता.

"हात काढ, हात काढ," नवरा घाईने म्हणाला. हसतसुद्धा होता. "तिला नाही आवडत."

"काय नाही आवडत?"

"मला कुणी हात लावलेला."

आणि तो दोन पावलं बाजूला झाला. टेपताईपासून. टेपेने मोजायची गरज नव्हती, पाच फूट तरी असतील.

"आता गं बाई," सासूबाई म्हणाल्या, "थोरलीचा हक्क मोठा दिसतोय." पण या वेळी त्यांनी सुनेच्या पाठीवर थाप मारली नाही. तिचा चेहरा बघून हात मागे घेतला.

मग तो दोन दारं उघडून आत गेला आणि लवला. बाईसाहेब लवल्या. त्याने उडी मारली. त्यांनी पंख उघडले, आणि काय सांगावं, ते सुंदर होतं. हेच टेपताईला सहन झालं नाही. कुरूप असतं तर घरी जाऊन हसता आलं असतं. मुलगी टाळ्या वाजवत होती, "बाबा, अजून! अजून!" आणि बाबा, गुडघे दुखणारे बाबा, हवेत होते.

बाहेर आल्यावर त्याने कोट दोन दारांमधल्या खुंटीला अडकवला. कपाळावर घाम, डोळ्यांत चमक. ती चमक टेपताईला ओळखीची होती. फोटोत होती ती, गुडघे वाकवलेल्या फोटोत.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं."

"मग मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येतो. तुम्ही खाऊन घ्या."

बोलणं झालं नाही. साडेतीन झाले होते.

काख

बाकावर बसून सासूबाई अंडी सोलू लागल्या. मुलीने ब्रेडच्या कडा काढून खिशात भरल्या, बदकांसाठी. टेपताई बसली नाही. ती पहिल्या दाराशी जाऊन उभी राहिली. ते नुसतं ओढून घेतलेलं होतं.

"कुठे निघालीस?"

"काखेत उसवलंय. चार टाके घालते."

सुई-दोरा तिच्या पिशवीत असतोच. दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहून तिने कोट खुंटीवरून काढला. जड होता. नाकाशी नेला. ओला मका, चिखल, पीस, आणि खाली कुठेतरी नवऱ्याची मान. आमचा. तिने चार टाके घातले. दोरा दाताने तोडला. टाके नीट बसलेत का हे बघायचं तर कोट अंगात चढवावा लागतो, दुकानात ती तसंच करते. तिने निळ्या पोशाखावर कोट चढवला.

खांदा खांद्यावर बसला. बाही जिथे संपायची तिथे संपली. अंगावर बेतलेल्या कपड्याने चार वर्षांनी आपल्या माणसाला ओळखावं तसा तो कोट तिला बिलगला. आणि तेव्हा तिच्या मनात ते आलं.

तो म्हणतो कोट नावाला.

बघू.

तिने टोपी पुढे ओढली आणि आतलं दार उघडलं.

"अगं ए!" सासूबाईंच्या हातातलं अंडं खाली पडलं. "डोळा फोडेल ती! बाहेर ये! सोन्या, पळ, बाबाला बोलाव!"

मुलगी पळाली.

बाईसाहेब पलीकडच्या कडेला होत्या. त्यांनी मान वळवली आणि धावत आल्या, ते लांब पाय टाकत, पंख अर्धे उघडे. टेपताईचे पाय जागीच रुतले. मुलीच्या बुटाचा नंबर आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

चार हातांवर त्या थांबल्या.

लवल्या.

अशी मान खाली, अशी की लाल ठिपका जमिनीला टेकला. मग वर. मग त्या वाट बघू लागल्या.

टेपताई लवली. गुडघे वाकवून, अगदी खाली. वाकायची तिला सवय होती, पण समोरचं कुणी आधी वाकलंय, असं हे पहिल्यांदाच. बाईसाहेबांनी पंख पूर्ण उघडले आणि उडी घेतली. टेपताईने उडी मारली. त्यांनी एक काटकी उचलून वर फेकली. टेपताईने दुसरी फेकली, तिला ती झेलता आली नाही, तरी चालत होतं. तेही चालत होतं! त्या पिवळ्या डोळ्यात मघाशी जो खून होता त्याचा मागमूस नव्हता. तिथे फक्त ती होती, पूर्ण, कुठेही आत ओढून न धरलेली. असं आपल्याकडे शेवटचं कोणी बघितलं, ते तिला आठवेना.

एक मिनिट. दोन. तिने मोजलं, मोजल्याशिवाय तिला राहवत नाही. सहा मिनिटं आणि काही सेकंद.

उसवण

"बाहेर ये!"

नवरा धावत आला होता. मागे डॉक्टरीणबाई, मागे मुलगी. त्याच्या अंगात साधा शर्ट. तो सरळ दोन्ही दारं पार करून आत शिरला आणि टेपताईचा दंड धरून तिला मागे ओढू लागला.

बाईसाहेब मध्ये आल्या. पंख उभे. मान ताठ.

"अगं, मी आहे," नवरा म्हणाला. "मी. बघ. माझा आवाज."

चोच त्याच्या मनगटावर बसली. रक्त आलं.

"अगं, मी!"

पुन्हा बसली. तो दारापर्यंत मागे हटला. बाईसाहेब टेपताईच्या पुढे आडव्या उभ्या राहिल्या, राखायला.

"टोपी मागे घ्या बरं तुमची," कुंपणाबाहेरून डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "हळूच."

टेपताईने टोपी मागे टाकली. तिचे केस, तिचा चेहरा, गळ्यातली टेप. बाईसाहेबांनी वळून बघितलं, पंख मिटले, आणि तिच्या बाहीवरचं एक कुसळ चोचीने अलगद काढून टाकलं.

मुलगी जाळीला येऊन चिकटली. सासूबाईसुद्धा.

"म्हणजे चार वर्षं आपण समजत होतो..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून थांबल्या. मग कामाच्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे कोट पाठवला की पुरे. तिकडचा माणूस घालेल. तुम्हाला जायची गरज नाही."

चारला दहा कमी होते.

टेपताई जिंकली होती. हेच हवं होतं तिला. दार उघडून बाहेर पडेपर्यंत तिने तीनदा मागे वळून बघितलं.

"तिकडच्या माणसाची छाती किती आहे?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"धिप्पाड आहे चांगला. सैल करता येईल ना कोट?"

"येईल. शिवणीत जागा ठेवलीय मी." आणि हे म्हणताना त्या धिप्पाड माणसाचा, ज्याला तिने कधी पाहिलं नव्हतं, तिला इतका राग आला की कोटाच्या कडेला खोचलेली सुई काढताना बोटात घुसली.

अर्धा इंच

परतीच्या बसमध्ये मुलगी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. टेपताईच्या अंगात कोटच होता. बाहेर वारा होता आणि कोट सैल करायला घरी न्यायचाच होता. नवऱ्याच्या मनगटाला पट्टी होती.

तो खिडकीबाहेर बघत होता. तळं संपलं, घरं लागली.

"मी हो म्हणालो नव्हतो अजून," तो म्हणाला.

"पण म्हणणार होतात."

त्याने मनगटावरची पट्टी ओढून नीट केली.

"मी बोलायचो तिच्याशी. सगळं. टोपी काढून." मग अगदी लहान आवाजात, "तुझ्यासाठी किती वेळ नाचली?"

"मोजलं नाही मी."

"तू? तू मोजलं नाहीस?"

"नाही."

"माझ्यासाठी चार मिनिटांच्या वर कधी नाही नाचली," तो म्हणाला आणि तिच्याकडे असं बघू लागला, की तिला त्या बघण्याचं माप तत्काळ कळलं. बारा वर्षं ती याच मापाने त्याच्याकडे बघत आली होती.

"तुझ्यासाठी त्याहून जास्त?"

"सांगितलं ना, मोजलं नाही."

पुढच्या बाकावरून सासूबाईंनी मान न वळवता विचारलं, "भांडता की काय रे थोरलीवरून?"

"नाही गं आई."

जरा वेळाने तो पुन्हा जवळ सरकला. "ऐक ना. या कोटाचं कापड उरलं होतं का तेव्हा? अजून एक कोट होईल इतकं?"

"कशाला?"

"असंच. जायच्या आधी महिनाभर आहे ती इथे. हा कोट तू सैल करायला घेणार, मग माझ्याकडे..."

सव्वादोन मीटर. कपाटात, सगळ्यात खाली. एका रात्रीत शिवून झाला असता, या वेळी त्याच्या खांद्याच्या मापाने.

"नाही उरलं," टेपताई म्हणाली. "जेमतेम पुरलं."

त्याने मान हलवली. मग त्याचा हात आला आणि तिच्या बाहीवर बसला, झिजून पांढऱ्या पडलेल्या कोपरावर. तिने नकळत समोर बघितलं, कुणाला आवडणार नाही की काय म्हणून. कुणी नव्हतं. सासूबाई पेंगत होत्या.

हा हात कोटावर आहे की माझ्यावर?

तिने कोट काढला. घडी घातली. पिशवीत भरला, पिशवीचं तोंड बांधलं. निळा पोशाख चुरगळला होता, गुडघ्यांवर चिखल होता. मग तिने त्याच्याकडे बघितलं.

तो पिशवीकडे बघत होता. मग त्याने नजर वर आणली, चिखलाच्या डागांवरून, कंबरेवरून, टेपेवरून, तिच्या चेहऱ्यापर्यंत.

आधी पिशवी, मग ती. अंतर अर्धा इंच.

"पाठ सरळ करून बस की," तो म्हणाला. "कायम वाकून बसतेस."

टेपताई सरळ बसली. बसच्या काचेत दोघं दिसत होती. त्यात ती त्याच्यापेक्षा उंच होती.